समुद्रात पडलेल्या विमानाचे तुकडे वाहत कुठे जातात? प्रवाहांवरून माग कसा काढतात, वाचा सविस्तर

नदीला पूर आला की वरच्या गावातली लाकडं, ड्रम, कडब्याच्या पेंढ्या खालच्या गावाच्या बंधाऱ्याला येऊन अडकतात. जाणता माणूस नुसती वस्तू बघून सांगतो की ही अमक्या ओढ्यातून आली असणार. समुद्रात पडलेल्या विमानाचा शोध घेताना शास्त्रज्ञही हाच विचार करतात. फरक एवढाच की नदीला दोन काठ असतात आणि पाणी एकाच दिशेने जातं. समुद्राला काठ नाही, आणि पाणी आज इकडे तर महिन्याने तिकडे जातं.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मलेशियन एअरलाइन्सचं एमएच-३७० हे विमान. ते २०१४ मध्ये बेपत्ता झालं. त्यात २३९ माणसं होती. त्यात ५ भारतीय होते आणि त्यातले काही आपल्या महाराष्ट्रातले होते. विमानाचा मुख्य सांगाडा सापडला नाही, पण त्याचे तुकडे हजारो किलोमीटर वाहत जाऊन आफ्रिकेच्या बाजूला किनाऱ्याला लागले. त्या तुकड्यांनी काय सांगितलं आणि काय सांगता आलं नाही, याची ही माहिती.

थोडक्यात

- विमान : बोईंग ७७७, क्वालालंपूर ते बीजिंग
- बेपत्ता झाल्याची तारीख : ८ मार्च २०१४
- विमानातील माणसं : २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी
- पहिला तुकडा सापडला : २९ जुलै २०१५, रियुनियन बेट
- मलेशियाच्या २०१८ च्या अहवालात नोंदवलेले महत्त्वाचे तुकडे : २७, त्यापैकी नक्की याच विमानाचे म्हणून सिद्ध झालेले ३
- समुद्राच्या तळाचा पहिला मोठा शोध : १ लाख २० हजार चौरस किलोमीटर, जानेवारी २०१७ मध्ये थांबवला

विमान हिंदी महासागरात गेलं हे कशावरून कळलं?

८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमाराला विमान उडालं. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर दोनच मिनिटांत ते नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरून दिसेनासं झालं. लष्कराच्या रडारवर मात्र ते मागे वळून पश्चिमेकडे जाताना दिसलं. २ वाजून २२ मिनिटांनी तेही संपलं.

सुरुवातीला शोध दक्षिण चीन समुद्रात झाला, नंतर अंदमानच्या समुद्रात. आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलानेही त्यात भाग घेतला. मग इनमारसॅट या उपग्रह कंपनीच्या नोंदी पुढे आल्या. विमानातलं यंत्र सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत अधूनमधून उपग्रहाला उत्तर देत होतं. त्या उत्तराला किती वेळ लागला, त्यावरून विमान उपग्रहापासून किती लांब होतं ते काढता आलं.

हे समजायला सोपं आहे. जनावर खुंट्याला बांधलेलं आहे आणि दावं पूर्ण ताणलेलं आहे एवढंच माहीत असेल, तर जनावर त्या गोल रेषेवर कुठेतरी आहे हे कळतं. कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. विमानाचंही तसंच झालं. शेवटच्या उत्तरावरून जी वाकडी रेषा निघाली तिला 'सातवा चाप' म्हणतात. ती हजारो किलोमीटर लांब आहे. इतर गणितांवरून विमान दक्षिणेकडे गेलं एवढं ठरलं, आणि २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं जाहीर केलं.

पण या लांबलचक रेषेवर नेमकं कुठे? ब्लॅक बॉक्स पाण्यात आवाज देतो, पण त्याची बॅटरी साधारण ३० दिवसच टिकते. त्या भागात समुद्र सरासरी चार किलोमीटर खोल आहे. सगळी रेषा तळापर्यंत शोधणं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून वाहत आलेल्या तुकड्यांना एवढं महत्त्व आलं.

सोळा महिन्यांनी पहिला तुकडा

२९ जुलै २०१५ रोजी रियुनियन बेटावर सेंट आंद्रे गावाजवळ किनारा साफ करणाऱ्या लोकांना साधारण दोन मीटर लांबीचा एक तुकडा सापडला. हे बेट मादागास्करच्या पूर्वेला आहे आणि फ्रान्सच्या ताब्यात आहे. तुकडा विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेचा होता. त्याला फ्लॅपरॉन म्हणतात. विमान वळवायला आणि उतरताना वेग कमी करायला हा भाग हलतो. त्याच्या आतल्या भागावरचा क्रमांक जुळला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनी तो एमएच-३७० चाच असल्याचं सांगितलं.

त्यानंतर मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, रॉड्रिग्ज बेट, मादागास्कर आणि टांझानियाचं पेम्बा बेट इथून तुकडे मिळत गेले. दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बे इथे सापडलेल्या तुकड्यावर इंजिन बनवणाऱ्या रोल्स रॉयस कंपनीच्या चिन्हाचा भाग होता. यातले बरेचसे तुकडे कोणत्याही सरकारी पथकाला नाही, तर फिरायला आलेल्या, मासे धरणाऱ्या साध्या माणसांना सापडले. डिसेंबर २०१६ मध्ये तर काही प्रवाशांचे नातेवाईक स्वतः मादागास्करला गेले. आपल्या माणसाच्या विमानाचा तुकडा दिसतो का, म्हणून ते किनारे फिरले आणि तिथल्या गावकऱ्यांनाही त्यांनी तुकडे ओळखायला सांगितलं.

आता प्रश्न असा की विमान पडलं ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, मग तुकडे आफ्रिकेच्या बाजूला कसे गेले?

हिंदी महासागराचं पाणी कसं फिरतं?

विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागराचं वरचं पाणी एका मोठ्या फेऱ्यात फिरत असतं. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. तो फेरा असा :

- दक्षिणेला, थंड भागात पाणी आफ्रिकेकडून ऑस्ट्रेलियाकडे, म्हणजे पूर्वेला जातं.
- ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रात ते हळूहळू उत्तरेकडे सरकतं.
- उत्तरेला, विषुववृत्ताच्या खालच्या पट्ट्यात ते पश्चिमेला, म्हणजे मादागास्कर आणि आफ्रिकेकडे जातं.
- आफ्रिकेच्या किनाऱ्याने ते पुन्हा दक्षिणेला उतरतं.

म्हणजे सातव्या चापाच्या मधल्या भागात काही पडलं, तर ते आधी उत्तरेकडे सरकणार, मग पश्चिमेचा प्रवाह पकडून रियुनियन, मॉरिशस, मादागास्कर, मोझांबिककडे जाणार. तुकडे सापडलेल्या जागा याच वाटेवर आहेत. म्हणून विमान दक्षिण हिंदी महासागरात पडलं याला तुकड्यांनी दुजोरा दिला. उपग्रहाच्या गणितावर शंका घेणारे तोपर्यंत पुष्कळ होते.

ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी नंतर जी जागा सांगितली तिथून रियुनियनपर्यंत सरळ अंतर साधारण ४ हजार किलोमीटर भरतं. तुकडा ५०८ दिवसांनी सापडला. म्हणजे रोजचे सरासरी ८ किलोमीटर. माणूस दोन तासांत चालतो तेवढं अंतर तो तुकडा एका दिवसात जात होता. प्रत्यक्षात तो सरळ गेला नसणारच. समुद्रात शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे असतात. त्यात तो आठवडेच्या आठवडे फिरला असू शकतो.

तुकडा पाण्याबरोबर जातो की वाऱ्याबरोबर?

दोघांबरोबरही. आणि इथेच खरी अडचण आहे.

धरणात एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन आणि एक पाण्याने जवळजवळ भरलेला कॅन सोडून बघा. रिकामा कॅन पाण्यावर वर राहतो, त्याला वारा लागतो आणि तो वाऱ्याच्या दिशेने पळतो. भरलेला कॅन बुडत बुडत तरंगतो आणि पाणी नेईल तिकडे जातो. दोन्ही एकाच जागी सोडले तरी संध्याकाळी दोन वेगळ्या काठांना सापडतील.

खळ्यावर उफणताना जसं दाणा पायाजवळ पडतो आणि भूस लांब जाऊन पडतं, तसं समुद्र विमानाचे तुकडे वेगळे करतो. इंजिनासारखा जड भाग लगेच तळाला जातो. सीटचे फोम, पंखाचे हलके पोकळ भाग तरंगतात. त्यातही कोण किती पाण्याच्या वर राहतो, यावर त्याची वाट ठरते. साधारणपणे तरंगत्या वस्तूला वाऱ्याच्या वेगाच्या १ ते ३ टक्के वेग वाऱ्यामुळे मिळतो. ऐकायला हे थोडं वाटतं. पण दीड वर्षात त्याने शेकडो किलोमीटरचा फरक पडतो.

याचं जुनं उदाहरण आहे. मे १९९० मध्ये उत्तर पॅसिफिक महासागरात एका मालवाहू जहाजावरून नायके कंपनीच्या हजारो बुटांचे कंटेनर समुद्रात पडले. बूट अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागायला लागले. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञाने ते कुठे आणि कधी सापडले याच्या नोंदी ठेवल्या. डाव्या आणि उजव्या पायाचे बूट वेगवेगळ्या किनाऱ्यांना जास्त सापडतात असंही त्यांच्या लक्षात आलं, कारण दोन्हींचा आकार उलटा आणि वारा दोघांना वेगळ्या बाजूला ढकलतो. जानेवारी १९९२ मध्ये त्याच महासागरात सुमारे २८ हजार प्लॅस्टिकची खेळणी पडली, त्यात पिवळी बदकं होती. त्यांच्यावरूनही प्रवाहांची गणितं तपासून घेता आली, कारण ती कुठे आणि कधी पडली हे नक्की माहीत होतं.

प्रवाह मोजतात कसे?

मुख्य तीन मार्ग आहेत.

१. तरंगते बोये : जगातल्या समुद्रांत एका वेळी हजाराहून जास्त बोये सोडलेले असतात. ते आपली जागा उपग्रहाला कळवत राहतात. प्रत्येक बोयाखाली साधारण १५ मीटर खोलीवर एक कापडी नळा लटकवलेला असतो, म्हणजे बोया वाऱ्याने न पळता पाण्याबरोबर जातो. काही महिन्यांनी पुष्कळ बोयांचा हा नळा तुटतो. मग त्यांना वाराही ओढतो. विमानाच्या तुकड्यांच्या अभ्यासाला असे नळा तुटलेले बोयेच जास्त उपयोगी पडले, कारण तुकड्यांना तरी कुठे नळा होता?

२. उपग्रह : समुद्राचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला काही सेंटिमीटरचे उंचवटे आणि खड्डे असतात. उपग्रह ते मोजतात. त्यावरून भोवरे आणि प्रवाह काढता येतात.

३. संगणकातलं मॉडेल : बोये, उपग्रह, वारा, लाटा या सगळ्याची माहिती एकत्र करून कोणत्या दिवशी कुठलं पाणी कुठे चाललं होतं याचा नकाशा संगणक तयार करतो.

मग संगणकात विमान 'पाडून' बघतात

अनेकांना वाटतं की तुकडा जिथे सापडला तिथून उलटं गणित करत गेलं की विमान पडलेली जागा मिळेल. थोड्या दिवसांसाठी हे चालतं. दीड वर्षासाठी चालत नाही.

पाटाच्या पाण्यात दोन दाणे शेजारी शेजारी सोडले तर एक पहिल्या वाफ्यात शिरतो, दुसरा तिसऱ्या वाफ्यात. समुद्रातले भोवरे तेच करतात. आज एकमेकांना लागून असलेले दोन तुकडे सहा महिन्यांनी हजार किलोमीटर लांब असू शकतात. उलट जाताना प्रत्येक दिवसाची छोटी चूक साठत जाते आणि शेवटी जागेऐवजी अर्धा महासागर हाती लागतो.

म्हणून शास्त्रज्ञ पुढच्या दिशेने काम करतात. सातव्या चापावरच्या प्रत्येक संभाव्य जागेवरून संगणकात हजारो काल्पनिक तुकडे सोडतात. ८ मार्च २०१४ पासूनचे खरे वारे आणि प्रवाह त्यांना लावतात. मग कोणत्या जागेवरून सोडलेले तुकडे बरोबर त्याच किनाऱ्यांना, त्याच सुमाराला पोहोचतात ते मोजतात. ज्या जागेचा हिशोब सगळ्यात जास्त जुळतो, तिथे विमान असण्याची शक्यता जास्त.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की उत्तर 'इथेच' असं येत नाही. 'या पट्ट्यात असण्याची शक्यता जास्त, त्या पट्ट्यात कमी' असं येतं.

खरा फ्लॅपरॉन आणून समुद्रात सोडला

ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था आहे. तिथले समुद्रशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात मोठा वाटा उचलला. त्यांनी आधी फ्लॅपरॉनच्या लाकडी-लोखंडी प्रतिकृती बनवून टास्मानियाच्या समुद्रात सोडल्या आणि त्या कशा वाहतात ते बघितलं. डिसेंबर २०१६ च्या त्यांच्या अहवालानंतर तज्ज्ञांनी सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरचा एक नवा पट्टा सांगितला. तो आधी शोधलेल्या भागाच्या उत्तरेला लागून होता, साधारण ३३ ते ३६ अंश दक्षिण अक्षांशात.

पण प्रतिकृती ती प्रतिकृतीच. म्हणून त्यांनी बोईंग ७७७ चा खरा फ्लॅपरॉन मिळवला. रियुनियनला सापडलेला जसा तुटला होता तसाच तो कापला आणि पाण्यात सोडला. निकाल महत्त्वाचा निघाला. खरा तुकडा प्रतिकृतींपेक्षा जास्त वेगाने गेला आणि वाऱ्याच्या सरळ दिशेने न जाता साधारण २० अंश डावीकडे गेला. हा फरक गणितात धरल्यावर तुकडा जुलै २०१५ मध्ये रियुनियनला पोहोचणं आधीपेक्षा चांगलं जुळलं. हा अहवाल एप्रिल २०१७ मध्ये आला.

त्याच वर्षी फ्रान्सच्या उपग्रहाने २३ मार्च २०१४ रोजी काढलेले फोटो पुन्हा तपासले गेले. त्यात पाण्यावर तरंगणाऱ्या १२ वस्तू बहुधा माणसाने बनवलेल्या असाव्यात असं ऑस्ट्रेलियाच्या तज्ज्ञांना वाटलं. त्या विमानाच्याच होत्या असं सिद्ध झालं नाही. पण त्या तशा असतील असं धरून उलटं गणित केल्यावर जागा ३५.६ अंश दक्षिण आणि ९२.८ अंश पूर्वेच्या आसपास आली. इथे उलटं गणित फक्त १५ दिवसांचं होतं, दीड वर्षाचं नाही.

जिथे काही सापडलं नाही, तोही पुरावा

विहीर पाडताना कुठे पाणी लागलं नाही हेसुद्धा पुढच्या वेळी उपयोगी पडतं. इथेही तसंच झालं. विमान खूप दक्षिणेला पडलं असतं तर काही तुकडे पूर्वेच्या प्रवाहाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागायला हवे होते. तिथे एकही पक्का तुकडा मिळाला नाही. म्हणून खूप दक्षिणेची शक्यता कमी झाली. तसंच मार्च-एप्रिल २०१४ मध्ये विमानांनी लाखो चौरस किलोमीटर समुद्र वरून बघितला होता. ज्या भागात नीट बघूनही तुकडे दिसले नाहीत, त्या भागाची शक्यताही कमी धरली गेली.

तुकड्याला चिकटलेल्या जीवांची साक्ष

रियुनियनच्या तुकड्यावर शिंपल्यासारखे छोटे जीव चिकटलेले होते. होडीच्या तळाला चिकटतात तसे. हे जीव मोकळ्या समुद्रात तरंगत्या वस्तूवर वाढतात. गाईच्या शिंगावरची वलयं मोजून जुने लोक तिची किती वेतं झाली ते सांगतात, तसा या जीवांच्या कवचाच्या थरांत ते वाढताना पाणी किती गरम होतं याचा हिशोब राहतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तापमान काढून त्याची सांगड प्रवाहांशी घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण त्यांना मिळालेली कवचं लहान आणि अलीकडची होती. सुरुवातीपासूनचा पूर्ण प्रवास त्यातून निघाला नाही. त्यासाठी तुकड्यावरच्या सगळ्यात जुन्या, मोठ्या जीवांची कवचं लागतील.

मग विमान का सापडलं नाही?

१७ जानेवारी २०१७ रोजी ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीन यांनी तळाचा शोध थांबवला. १ लाख २० हजार चौरस किलोमीटर शोधून झाले होते. प्रवाहांच्या अभ्यासाने सांगितलेला २५ हजार चौरस किलोमीटरचा नवा पट्टा तेव्हा समोर होता. पण त्यातून नेमकी जागा कळत नाही, असं सरकारांचं म्हणणं पडलं. नातेवाईकांना हा निर्णय फार लागला. तज्ज्ञ नवी जागा दाखवत असताना काम थांबवलं, ही त्यांची तक्रार होती.

२०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने 'सापडलं तरच पैसे' या अटीवर तो पट्टा आणि त्याच्या पुढचा भाग शोधला. १ लाख १२ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. तरीही विमान मिळालं नाही. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने त्याच कंपनीला त्याच अटीवर आणखी १५ हजार चौरस किलोमीटर शोधण्याची मंजुरी दिली. सापडलं तर ७ कोटी डॉलर.

म्हणजे प्रवाहांचं गणित खोटं ठरलं का? तसं म्हणता येत नाही. तळाला डोंगर-दऱ्या आहेत, यंत्राच्या नजरेतून भाग सुटू शकतो. विमान चापापासून किती लांब गेलं हे प्रवाह सांगत नाहीत. आणि वेगवेगळ्या देशांची मॉडेलं वेगवेगळं सांगतात. जर्मनीच्या किल शहरातल्या गेओमार संस्थेने २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियापेक्षा बरीच उत्तरेकडची शक्यता सांगितली होती. चुकाही झाल्या. २०१४ मध्ये पहिले तुकडे जुलैच्या सुरुवातीला इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाला लागतील असा अंदाज दिला गेला होता. नंतर त्या मॉडेलमध्येच चूक असल्याचं निघालं. ती कबूल करून पुढचं काम झालं.

एअर फ्रान्सच्या विमानाने दिलेला धडा

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरात पडलं. २२८ माणसं गेली. पाच-सहा दिवसांत तरंगते अवशेष मिळाले. त्यावरून उलटं गणित करून २०१० मध्ये एक भाग शोधला गेला. काही मिळालं नाही. मग सगळे पुरावे पुन्हा एकत्र मांडून शक्यतेचा नवा नकाशा काढला आणि एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर विमान सापडलं. ते शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून साधारण १२ किलोमीटरवरच होतं.

यातून दोन गोष्टी दिसतात. पाच-सहा दिवसांचं उलटं गणितही चुकू शकतं. आणि एका पुराव्यावर सगळं न टाकता प्रत्येक पुराव्याला त्याच्या भरवशाप्रमाणे वजन दिलं तर दोन वर्षांनीही विमान मिळतं. ब्लॅक बॉक्स मिळाल्यावर अपघात का झाला तेही कळलं.

आपल्याकडे हे कुठे वापरतात?

हैदराबादला इन्कॉइस ही केंद्र सरकारची समुद्र माहिती संस्था आहे. मच्छीमारांना लाटांचा इशारा आणि मासे कुठे मिळतील याची माहिती देते तीच. तिने 'सरात' नावाची सोय केली आहे. समुद्रात माणूस किंवा बोट हरवली तर शेवटची जागा, वेळ आणि काय हरवलं आहे ते त्यात भरायचं. बुडालेली होडी, लाइफ जॅकेट घातलेला माणूस, उलटलेली बोट, प्रत्येक वस्तूला वारा वेगळा लागतो, म्हणून त्यात अनेक प्रकार दिलेले आहेत. मग ते नकाशावर शोध कुठे घ्यावा ते दाखवतं. गणित तेच, फक्त इथे वर्षांऐवजी तासांचा हिशोब असतो. म्हणून उत्तरही जास्त नेमकं येतं.

२५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा-३ हे ६४० कंटेनरचं जहाज कोचीजवळ बुडालं, तेव्हा कंटेनर आणि तेल कुठे जाईल याचा अंदाज असाच दिला गेला. कंटेनर दक्षिणेकडे कोल्लमच्या किनाऱ्याला लागले. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातं, हिवाळ्यात उलट. कोकणातल्या मच्छीमारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

तरंगता पुरावाच मिळाला नाही तर काय होतं तेही आपण बघितलं आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात बेपत्ता झालं. मोठा शोध होऊनही तेव्हा हाती काही लागलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ३,४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष दिसल्याचं जाहीर झालं. घरच्यांना साडेसात वर्षं वाट बघावी लागली.

किनाऱ्यावर अनोळखी वस्तू दिसली तर

- घरी नेऊ नका, धुऊ नका. चिकटलेले शिंपले खरवडू नका, तो पुरावा असतो.
- फोटो काढा. तारीख, वेळ आणि मोबाईलवर दिसणारी जागा नोंदवून ठेवा.
- कंटेनर, ड्रम, पिंप असेल तर हात लावू नका, आत रसायन असू शकतं.
- जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४ आहे.
- बोट किंवा माणूस हरवला असेल तर शेवटची जागा आणि वेळ लगेच सांगा. जितका उशीर, तितका शोधाचा भाग मोठा होत जातो.

एमएच-३७० च्या बाबतीत तुकड्यांनी विमान कोणत्या समुद्रात आहे ते सांगितलं आणि शोधाचा भाग कमी केला. शेवटची जागा सांगायला ते पुरे पडले नाहीत. २३९ घरांना अजून त्या जागेचीच वाट आहे.